खेळांची तारीख आणि बिगाऱ्याचा रुपया



या व्यासपीठावर दर वसंतात विद्वान मंडळी येतात. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतात, कोणी मराठ्यांच्या इतिहासावर, कोणी नव्या विज्ञानावर. त्यांच्या पंक्तीला आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला बसवून चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते तीन ठिकाणी: युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि सकाळी सातच्या मजूरनाक्यावर. तेव्हा आमच्या भाषणात सुभाषिते सापडणार नाहीत. हिशेब मात्र सापडतील, आणि ते आपण तपासून घ्यावेत अशी विनंती आहे.

आजचा विषय आहे मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांची तयारी. ही तयारी पडद्यामागे कोण करतो, कशी करतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हे आम्हांला सांगायचे आहे. युनियनवाला खेळांवर बोलणार म्हणजे खेळांना नावे ठेवणार, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्यांनी आधीच काढून टाकावी. ज्या महाराष्ट्रातून खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि गळ्यात ब्राँझपदक घालून परत आले, त्या महाराष्ट्रातली आम्ही माणसे आहोत. कुस्तीचा फड लागला की आमचेही पाय तिकडे वळतात. स्पर्धा व्हाव्यात, आपल्या देशात व्हाव्यात, थाटाने व्हाव्यात. आमचे म्हणणे एवढेच की, मैदानावरच्या खेळाला जसे नियम असतात आणि पंच असतो, तसे ते मैदान बांधणाऱ्या कामालाही असावेत. आणि ते कागदावर न राहता कामावर दिसावेत.

प्रथम या कामाचा स्वभाव समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांनी घर बांधले असेल, निदान फ्लॅट तरी घेतला असेल. ताबा दिवाळीला म्हणून सांगतात आणि मिळतो पुढच्या गुढीपाडव्याला. आपण चार शब्द बोलतो आणि सोसतो. पूल, धरण, रुग्णालय यांचीही तीच गत. बांधकामाच्या धंद्यात तारीख ही रबरासारखी असते. परंतु स्पर्धेचे काम तसे नाही. अमुक दिवशी सायंकाळी ज्योत पेटायची म्हणजे पेटायची. तीस-चाळीस देशांचे संघ विमानात बसलेले असतात, दूरचित्रवाणीचे करार झालेले असतात, तिकिटे विकलेली असतात. म्हणून या कामात तारीख आधी ठरते आणि काम तिच्यापासून उलटे मोजीत आणतात.

आता गंमत पाहा. सुरुवातीची वर्षे कशात जातात? समित्या नेमण्यात, जागेच्या वादात, नकाशे मंजूर करण्यात, निविदा काढण्यात. वरच्या मजल्यावर उशीर झाला तर त्याचा दंड कोणाला होत नाही. तो उशीर जिन्याने एकेक पायरी खाली उतरतो. मंत्रालयाकडून प्राधिकरणाकडे, प्राधिकरणाकडून मोठ्या कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून पोटकंत्राटदाराकडे, पोटकंत्राटदाराकडून मुकादमाकडे. सर्वांत शेवटी तो येऊन बसतो घमेले वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर. वर गेलेले सहा महिने खाली भरून काढायचे असतात. मग दोन पाळ्यांच्या तीन होतात, रात्रीचे दिवे लागतात, परांची घाईने बांधली जाते, काँक्रीट पुरते आवळण्याच्या आत वरचे वजन चढते. आमच्या नाक्यावर एक म्हातारा गवंडी म्हणत असे, 'साहेबाला उशीर झाला की आमचं जेवण आखडतं.' या वाक्यात सगळे अर्थशास्त्र आले.

हे नुसते तत्त्व झाले. आता एक खरीखुरी हकीकत घेऊ, कारण ती न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे आणि तिच्याविषयी वाद घालण्याची कोणाची सोय नाही.

१९८२ साली दिल्लीत नववे आशियाई क्रीडासामने झाले. आपण त्यांना आशियाड म्हणतो. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असे ते चालले आणि ३३ देश आले. १९५१ साली पहिले आशियाई सामने दिल्लीतच झाले होते, तेव्हा देश होते ११. यावरून पसारा किती वाढला ते दिसेल. घरोघरी रंगीत दूरचित्रवाणी आली ती याच निमित्ताने. अप्पू नावाचा छोटा हत्ती पोरासोरांच्या तोंडी झाला. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, यमुनेकाठचे इंद्रप्रस्थ बंदिस्त क्रीडागृह, तालकटोऱ्याचा जलतरण तलाव, सिरी फोर्टजवळची खेळाडूंची वसाहत, शिवाय उड्डाणपूल आणि हॉटेले, एवढे सगळे उभे राहिले. कामाला खरी गती आली ती १९८० नंतर. म्हणजे हातात वर्षे होती सुमारे दोन.

ही कामे करायला माणसे आली ती राजस्थान, उत्तर प्रदेश आणि ओरिसा या प्रांतांतून. ती आपणहून आली नाहीत. त्यांना आणले. आणणाऱ्याला तिकडे जमादार म्हणतात. आपण मुकादम म्हणतो. दुष्काळी गावात मुकादम जातो, हातावर उचल ठेवतो, गाडीभाडे भरतो आणि पन्नास-शंभर माणसे घेऊन कामावर हजर होतो. कंत्राटदार माणसांना ओळखत नाही, तो मुकादमाला ओळखतो. मजूर कंत्राटदाराला ओळखत नाही, तोही मुकादमालाच ओळखतो. आणि पैसे याच एका हातातून जातात.

त्या वेळी दिल्लीत बांधकाम मजुराचे किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ते मुकादमाकडे देत असे. मुकादम त्यातला एक रुपया आपले कमिशन म्हणून ठेवून मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे टेकवीत असे. बायकांना तर ७ रुपयेच मिळत. समान कामाला समान वेतन द्यावे हा कायदा १९७६ साली झालेला होता. तरी बाईच्या घमेल्यातली खडी पुरुषाच्या घमेल्यातल्या खडीपेक्षा सव्वा रुपयाने हलकी भरत होती. चौदा वर्षांच्या आतली मुलेही कामावर असल्याची तक्रार होती.

एक रुपया! आजच्या तरुणांना हसू येईल. म्हणून हिशेब करू. सव्वानऊ रुपयांतला एक रुपया म्हणजे शेकडा जवळजवळ अकरा. शंभर माणसांच्या टोळीमागे मुकादमाला रोज शंभर रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६०० रुपये. मजुराच्या बाजूने पाहिले तर महिन्याला २६ रुपये, म्हणजे तीन दिवसांच्या मजुरीहून अधिक. बाईचे महिन्याला साडेअठ्ठावन्न रुपये. पोराला दूध घ्यायचे की नाही, गावाकडे म्हाताऱ्याला पैसे धाडायचे की नाही, हे या रुपयावर ठरत होते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधतो. नेहमी असे सांगतात की, मजुरांना कायद्याप्रमाणे द्यायचे तर सार्वजनिक कामे महाग होतील, कर वाढतील, बोजा शेवटी तुमच्या-आमच्यावरच येईल. पण दिल्लीत काय झाले? कंत्राटदाराच्या हातून पूर्ण सव्वानऊ रुपये सुटत होते. मजुराला सव्वाआठ मिळाल्याने सरकारी तिजोरीची एका पैशाचीही बचत झाली नाही. देशाचे आशियाड त्या रुपयाने स्वस्त झाले नाही. तो रुपया वाटेत मुरला. पाटाला पाणी सोडावे आणि उंदराच्या बिळांनी ते मधल्या मध्ये प्यावे, शेत कोरडे ते कोरडे, असा तो प्रकार.

ही स्थिती उजेडात कशी आली? दिल्लीत पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या नावाची संस्था आहे. तिने तीन समाजशास्त्रज्ञांना कामांवर पाठवून पाहणी करविली आणि त्या अहवालासह एक पत्र सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. मे १९८२ मध्ये कामांच्या जागी वेळोवेळी जाऊन पाहण्यासाठी तीन निरीक्षक नेमले. आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या पीठाने निकाल दिला.

सरकारपक्षाचे म्हणणे काय होते? एक, हे मजूर आमचे नोकर नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. दोन, तक्रार मजुरांनी केलेली नाही, तिसऱ्याच कोणी केली आहे. तीन, मुलांच्या कामासंबंधीच्या १९३८ च्या कायद्याच्या यादीत बांधकामाचा धंदाच नाही. न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. काम ज्याचे, कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याची. ज्यांना न्यायालयाची पायरी माहीत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्याने पायरी चढली तर चालेल. आणि बांधकाम हे धोक्याचे काम असल्यामुळे चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला तेथे लावण्यास घटनेच्या चोविसाव्या कलमानेच बंदी आहे. यादीत नाव असो वा नसो. कायदा मोडणाऱ्याला किरकोळ दंड करून सोडण्याच्या खालच्या न्यायालयांच्या रीतीवरही निकालात कडक टीका आहे. दंडापेक्षा नफा मोठा असला तर दंड हा धंद्याचा खर्च होतो, हे आम्ही नाक्यावर रोज पाहतो.

पण या निकालाचे मर्म यापुढे आहे. घटनेचे तेविसावे कलम सांगते की, माणसांचा व्यापार, बेगार आणि तशा प्रकारचे सक्तीचे श्रम यांना मनाई आहे. प्रश्न असा होता की, मजूर आपल्या पायाने कामावर आला, कोणी त्याला दोरीने बांधून आणला नाही, त्याला थोडे का होईना पैसे मिळाले, मग यात सक्ती कोठली? न्यायालयाने उत्तर दिले की, पोटाची आगही सक्तीच आहे. ज्याच्यापुढे उपासमार हाच दुसरा पर्याय आहे, तो किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर राबायला तयार होतो, तेव्हा ते श्रम स्वखुशीचे नसतात. किमान वेतनाहून कमी देऊन करवून घेतलेले काम हे सक्तीचे काम होय, आणि ते घटनेविरुद्ध आहे.

हे निकालपत्र आम्ही इंग्रजीतून, शेजारी कोश ठेवून, पुष्कळ दिवस लावून वाचले. वाचता वाचता एका ठिकाणी थबकलो. बेगार म्हणजे काय हे सांगताना न्यायालयाने मोल्सवर्थचा आधार घेतला आहे. मोल्सवर्थ म्हणजे तोच, ज्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि ज्याची जाडजूड प्रत आपल्या जुन्या ग्रंथालयांतून अजून असते. सत्ताधाऱ्याने किंवा सरकारने मोबदला न देता करवून घेतलेले काम, असा अर्थ त्याने दिला आहे. दिल्लीच्या मजुराला न्याय देताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रातल्या वेठीची आठवण ठेवणारा कोश कामी आला, याचा आम्हांला अभिमानही वाटला आणि लाजही वाटली. लाज अशासाठी की, बांधकामावर विटा-वाळू वाहणाऱ्याला आपण आजही काय म्हणतो? बिगारी म्हणतो. 'दोन गवंडी आणि चार बिगारी पाठवा,' असे आपण सहज सांगतो. जो शब्द घटनेने गुन्हा म्हणून लिहून ठेवला, तो आपल्या तोंडी धंद्याचे नाव होऊन बसला आहे. शब्द बदलला की स्थिती बदलते असे आम्ही मानीत नाही. पण शब्दात इतिहास साचलेला असतो, आणि तो अधूनमधून ढवळावा लागतो.

इतका मोठा निकाल लागला, मग बिगाऱ्याचे दैन्य फिटले काय? येथे पुन्हा तारखांकडे वळू या, कारण सारी मेख तारखांत आहे. परप्रांतातून आणलेल्या मजुरांसाठीचा कायदा संसदेने १९७९ साली केला. तो अमलात आला २ ऑक्टोबर १९८० रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर. दिल्ली प्रशासनाला अंमलबजावणीचे अधिकार मिळाले जुलै १९८१ मध्ये. कायद्याखालचे नियम झाले ४ जून १९८२ रोजी. निकाल लागला १८ सप्टेंबरला. आणि सामने सुरू झाले १९ नोव्हेंबरला. निकाल आणि सामने यांच्यामध्ये दिवस उरले बासष्ट. तोपर्यंत पाया खणून झाला होता, खांब उभे राहिले होते, छत पडले होते, आणि ज्यांचा रुपया गेला होता त्यांतली कित्येक माणसे आपल्या गावी परतली होती किंवा दुसऱ्या कामावर गेली होती. स्टेडियम वेळेवर झाले. कायद्याला मात्र उशीर झाला. मैदान बांधणारे हात आणि कायदा लिहिणारे हात, दोन्ही याच देशाचे. पण घड्याळे दोन.

एकदा असे झाले तर माणूस शिकतो म्हणतात. अठ्ठावीस वर्षांनी, ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात, त्याच दिल्लीत राष्ट्रकुल सामने झाले. मध्यंतरी १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घ्यायचा, मंडळाकडे मजुरांची नोंद करायची आणि त्या पैशांतून अपघात, आजारपण, म्हातारपण, मुलांचे शिक्षण यांची तरतूद करायची, अशी ती योजना होती. योजना उत्तम. पण नोंदच नसेल तर मंडळाचा पैसा कोणाला द्यायचा? पुन्हा तीच संस्था न्यायालयात गेली, या वेळी दिल्लीच्या उच्च न्यायालयात. न्यायालयाने समिती नेमली. समितीला आढळले तेच जुने. किमान वेतन पुरते मिळत नाही, सुरक्षेची साधने अपुरी, राहण्याच्या जागा वाईट, मंडळाकडे नावे नाहीत. सामने बारा दिवसांवर आले असताना, २१ सप्टेंबर रोजी, नेहरू स्टेडियमजवळचा नवा पादचारी पूल कोसळून वीसहून अधिक मजूर जखमी झाले. १९८२ चेच ते स्टेडियम, तेथेच नवे बांधकाम आणि तीच घाई.

आता कोणी म्हणेल, हे हिंदुस्थानातच असे चालते. तसे नाही. आणि सर्वत्र असेच चालते असेही नाही. बाहेरची तीन उदाहरणे थोडक्यात सांगतो.

पहिले दक्षिण आफ्रिकेचे. २०१० च्या जूनमध्ये तेथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा व्हायची होती. वर्षभर आधी, जुलै २००९ मध्ये, सुमारे ७० हजार बांधकाम कामगारांनी संप केला. स्टेडियमे अर्धी उभी, तारीख डोक्यावर. आठवड्याच्या आत समझोता झाला आणि मजुरीत शेकडा बारा वाढ मिळाली. मग स्टेडियमे वेळेवर झाली आणि स्पर्धाही नीट पार पडली. यातून काय शिकायचे? न हलणारी तारीख ही दुधारी सुरी आहे. मजूर सुटा असला तर ती त्याच्या गळ्यावर असते. तो संघटित असला तर तिची मूठ थोडा वेळ त्याच्या हातात येते.

दुसरे लंडनचे. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी तेथे एक मोठा पडीक टापू साफ करून क्रीडानगरी वसवली. कामाच्या आरंभीच कामगार संघटनांशी बोलणी करून समझोता केला होता. कामाच्या जागीच कामगारांसाठी आरोग्यसेवा ठेवली होती. एवढ्या अवाढव्य बांधकामात एकही कामगार मेला नाही. तारीख तेथेही होतीच, ती २७ जुलैची. काम तेथेही वेळेवर झाले. तेव्हा कायदा पाळला तर वेळेत होत नाही, हे जे आपल्याला ऐकवतात, त्याला लंडनने उत्तर देऊन ठेवले आहे.

तिसरे कतारचे. ते अधिक लक्ष देऊन ऐकावे, कारण तेथे राबलेली पुष्कळ माणसे आपल्या देशातली आणि शेजारच्या नेपाळ-बांगलादेशातली होती. २०२२ चा विश्वचषक कतारला मिळाला तो २०१० च्या डिसेंबरात. तेथे कफाला नावाची पद्धत होती. मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलायची नाही, आणि पुष्कळ काळ देशही सोडायचा नाही. कामगार संघटना काढण्याची परदेशी मजुराला मोकळीक नाही. जगभरच्या कामगार प्रतिनिधींनी २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे तक्रार केली. बरीच वर्षे दबाव राहिला, तेव्हा कोठे २०२० साली नोकरी बदलण्याची परवानगी काढून टाकली गेली, आणि मार्च २०२१ पासून महिन्याला १००० रियाल मूळ वेतन, शिवाय राहण्याजेवणाची सोय नसल्यास त्याचे पैसे, असे किमान वेतन लागू झाले.

आता त्या वाळवंटातल्या उन्हाचा विचार करा. नेहमी विश्वचषक जून-जुलैत होतो. कतारच्या उन्हाळ्यात खेळाडूंना आणि प्रेक्षकांना तो सोसणार नाही म्हणून २०१५ साली ठरवून स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेली. योग्यच केले. पण ही स्टेडियमे कोणत्या ऋतूत बांधली? सर्व ऋतूंत बांधली. मजुरांना उन्हाळ्यात दुपारची सुट्टी आधीपासून होती, पण ती तोकडी. ती वाढवून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी करायला, आणि १ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत लांबवायला, २०२१ साल उजाडावे लागले. स्पर्धा दीड वर्षावर आली होती. बहुतेक बांधकाम झालेले होते. पुन्हा तेच दिल्लीचे घड्याळ.

आणि आता आमच्या मुद्द्याचा गाभा. आम्ही सुरुवातीला म्हटले की, स्पर्धेची तारीख हलत नाही. ते पुरते खरे नाही. खेळाडूंच्या उन्हासाठी विश्वचषक पाच महिने पुढे गेला. करोनाच्या साथीसाठी टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक २०२१ मध्ये गेले. म्हणजे तारीख हलते. माणसाच्या जिवासाठी ती हलवता येते, आणि हलवावीच. फक्त तो जीव कोणाचा, यावर ते अवलंबून असते. एखाद्या बिगाऱ्यासाठी तारीख एक दिवस पुढे गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

मेलेल्यांची मोजदाद तरी नीट व्हावी! कतारच्या आयोजकांनी स्टेडियमच्या कामांवर कामामुळे झालेले मृत्यू तीन आणि इतर कारणांनी झालेले सदतीस सांगितले. स्पर्धा चालू असताना, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आयोजक समितीच्याच प्रमुखाने एका मुलाखतीत स्पर्धेच्या सर्व कामांवरचा आकडा चारशे ते पाचशेच्या दरम्यान सांगितला. गोल किती झाले याचा आकडा मिनिटामिनिटाला मिळत होता. माणसे किती गेली याचा आकडा कोणते काम धरायचे आणि कोणते सोडायचे यावर बदलत होता. धडधाकट तरुण झोपेत गेला की नैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद व्हायची, आणि मग भरपाईचा प्रश्नच मिटायचा.

बंधुभगिनींनो, हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या देशात चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. १९७९ चा परप्रांतीय मजुरांचा कायदा आणि १९९६ चा बांधकाम मजुरांचा कायदा, दोन्ही आता त्यांतल्या एका संहितेत विलीन झाले आहेत. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, ग्लासगो येथे असे ठरले की, २०३० चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला होतील. २६ नोव्हेंबर हा आपला संविधान दिन! त्याच संविधानात ते तेविसावे कलम आहे. पुढे २०३६ चे ऑलिंपिक मागण्याचीही खटपट चालू आहे. अहमदाबाद आपल्याला दूर नाही. खानदेशातून, नंदुरबार-धुळ्याकडून गुजरातेत कामाला माणसे पूर्वीपासून जातात. उद्या त्या मैदानांच्या पायात आपल्याही लोकांचा घाम पडेल. तारीख ठरली आहे. आता पाहायचे एवढेच की, या वेळी कायदा आधी पोचतो की ज्योत.

आम्ही काही अवघड मागत नाही. पहिली वीट ठेवण्यापूर्वी प्रत्येक मजुराची नोंद व्हावी आणि हजेरीची एक चिठ्ठी त्याच्या हातात असावी. मुकादमाच्या दोन वह्या असतात, एक मालकाला दाखवायची आणि एक मजुराला. तेव्हा तिसरा कागद मजुरापाशी हवा. मजुरी मुकादमाच्या मुठीतून न जाता थेट मिळावी. हे अशक्य आहे असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. १९६९ साली आपल्याकडे माथाडी कायदा झाला. मालकाने पैसे मंडळाकडे भरायचे आणि मंडळाने नोंदलेल्या कामगाराला द्यायचे, अशी व्यवस्था पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवली. ओझे वाहणाऱ्याला जे मिळाले ते विटा वाहणाऱ्याला का मिळू नये? तिसरी गोष्ट, कामाच्या फाटकावर किमान वेतनाचा दर, तपासणी अधिकाऱ्याचे नाव आणि झालेल्या अपघातांची संख्या मजुराला समजेल अशा भाषेत ठळक लावावी. आणि चौथी, संघटनेच्या माणसाला फाटकातून आत जाण्याची मोकळीक असावी.

यात आपण नागरिकांनी काय करायचे? अहमदाबादला जाण्याची गरज नाही. आपल्याच गल्लीत एखादी इमारत चढत असेल. तेथे एकदा थांबावे. मजुराला विचारावे, 'दादा, रोज किती मिळतो? हातात किती येतो?' या दोन आकड्यांत अंतर दिसले, तर दिल्लीचा तो एक रुपया आपल्या गावात पोचला आहे असे समजावे. बाईला विचारावे की तिला गड्याइतकाच मिळतो का, आणि तिचे मूल दिवसभर कोठे असते. ठेकेदाराला विचारावे की यांची मंडळाकडे नोंद आहे का. असे प्रश्न आम्ही विचारले तर युनियनची कटकट म्हणतात. आपण, या गावच्या चारचौघांनी विचारले, तर उत्तर द्यावे लागते. १९८१ साली जे पत्र सर्वोच्च न्यायालयात गेले तेही अशाच चारचौघांनी लिहिले होते. त्यांतला कोणी घमेले वाहणारा नव्हता.

स्पर्धा येतील आणि जातील. पदके मिळतील, न मिळतील. यजमान देशाची खरी परीक्षा मात्र ज्योत पेटण्याच्या आधीच होऊन गेलेली असते. ती परीक्षा हजेरीपत्रकावर होते, आणि तेथे प्रेक्षक नसतात. ते प्रेक्षक आपण व्हावे, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.